दारापुरतं हसू

मुखेडच्या छोट्या चर्चच्या दारात गुणाबाई उभी असली की येणाऱ्याची निम्मी प्रार्थना तिथंच पावायची. ‘जय ख्रिस्त’ म्हणत ती अशी तोंडभर हसायची, की घरून भांडून आलेला माणूसही चपला काढता काढता भांडण विसरायचा. देवाघरी पाहुणा आला तर त्याला कोरड्या तोंडानं आत कसं घ्यायचं, हा तिचा साधा सवाल. गाण्याला तिच्याकडं गळा नव्हता. हसणं हीच तिची सेवा.

तारामतीशी तिचं बिनसलं ते नाताळात. घरोघर गाणी म्हणत फिरणाऱ्या मंडळींना कुठल्या घरी न्यायचं ते गुणाबाई ठरवायची, आणि तिच्या घाईत तारामतीचं घर तेवढं राहून गेलं. बिचारीनं पातेलंभर चहा करून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तिनं चारचौघांत सुनावलं, “तुझं हसू नुसतं दारापुरतं हाय गुणाबाई, आत काय न्हाई!” गुणाबाईही काही कमी नव्हती. चूक आपली आहे हे कळूनही ती हटून बसली.

त्यांच्या चर्चमध्ये रीत अशी, की मनात कुणाविषयी अढी असेल तर ती मिटवल्याशिवाय प्रभुभोजन घ्यायचं नाही. तारामती रीतीची पक्की. प्रभूचं शरीर आणि रक्त म्हणून भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला वाटला जाई तेव्हा ती मागच्या बाकावर मान खाली घालून बसे. गुणाबाई मात्र पुढं जाऊन घ्यायची, आणि तो घास तिच्या घशात टोचायचा.

मग एका सकाळी चूळ भरताना पाणी तिच्या ओठातून आपोआप ओघळलं. आरशात पाहते तर तोंडाची डावी बाजू उतरलेली. नांदेडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, नस सुजलीय म्हणाले, रोज आरशासमोर हसायचा व्यायाम करा म्हणाले. गुणाबाईनं घरी येऊन आरसाच भिंतीकडं फिरवला. देवानं आपलं खोटं हसू काढून घेतलं, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं. ती चर्चला जाईना. लेकीकडं अहमदपूरला गेलीय, असं सगळ्यांना सांगायला तिनं आपल्या नवऱ्याला, रामकिशनला लावलं.

खोटं बोलून तोच शेवटी कंटाळला. “देव असा दावा धरत नसतो गं,” तो म्हणाला. “अन् हसू काय तुझ्यासाठी व्हतं का? तुला तरी कधी दिसलं ते?”

हे काही तिच्या डोक्यातून जाईना. खरंच, आपलं हसू आपल्याला कुठं दिसतं? ते समोरच्याचंच असतं. आणि एका माणसाचं तर आपण अडवूनच ठेवलंय. उद्या प्रभुभोजनाचा रविवार होता. ती उठली आणि तडक तारामतीच्या दारात गेली.

तारामती सुपात तूर निवडत होती. गुणाबाईनं तोंडावरचा पदर काढला आणि असेल नसेल तेवढा जीव लावून हसली. निम्मं तोंड वर गेलं, निम्मं जागीच राहिलं.

तारामतीनं सूप आपटलं. “घरी येऊन वाकुल्या दाखवून राहिलीस मला?”

“न्हाई गं माय,” गुणाबाई कशीबशी म्हणाली. “तोंडावरून वारं गेलंय. एवढंच हसू उरलंय, ते घेऊन आले. तुझं घर राहिलं, ते माझंच चुकलं.”

तारामतीनं आता नीट पाहिलं. गुणाबाईचा डावा डोळा मिटत नव्हता, त्यातून पाणी गळत होतं. तारामतीनं उठून तो आपल्या हातानं पुसला.

“बस. च्या टाकते.”

“सांडंल गं माझ्याकडून.”

“सांडू दे. नाताळचा तर पातेलंभर मीच ओतून दिला.”

यावर दोघी हसल्या, आणि हसता हसता रडल्या.

रविवारी दोघी वेदीपुढं शेजारी शेजारी गुडघ्यांवर बसल्या. पाद्रीबाबांनी गुणाबाईपुढं प्याला केला. सगळी मंडळी मागं बसलेली, आणि ओठ काही मिटेना. तेवढ्यात तिच्या हनुवटीखाली एक खरखरीत तळवा आला. तिनं घोट घेतला. थोडासा रस ओघळलाच, तो तारामतीच्या तळव्यात पडला. तारामतीनं हळूच मूठ मिटली आणि छातीशी धरली.

गुणाबाई तिच्याकडं वळून हसली, आणि तोंडावर पदर घ्यायचं तिच्या ध्यानातच आलं नाही.