पांढरी रेघ

आगीच्या बंबाच्या मागे, पंपाच्या काट्यांशेजारी, एक उभी काचेची नळी असते. टाकीत पाणी किती उरलं ते तिच्यात दिसतं. तळापासून वर, चौथ्या हिश्शावर, लाल खूण. पाणी तिथे आलं की ड्रायव्हरने लांब भोंगा द्यायचा आणि आतल्यांनी असतील तसं बाहेर पडायचं. तिथून टाकी कोरडी पडायला दीड मिनिट लागतं.

ड्रायव्हरकाकांच्या बंबावर लाल खुणेच्या दोन बोटं वर एक बारीक पांढरी रेघ होती. लेकीचं लग्न ठाण्यावरच्याच जवानाशी झालं, त्या आठवड्यात काकांनी ती गुपचूप ओढली होती. तेव्हापासून भोंगा द्यायचे ते पांढऱ्या रेघेवर, मिनिटभर आधी. जावयाच्या जिवासाठी थोडं पाणी राखून ठेवलं, तर बिघडलं कुठे?

ठाण्यावरची पोरं चेष्टा करायची. "काका म्हणजे ताकसुद्धा फुंकून पिणार!" भोंगा झाला तरी आतून सावकाश निघायची, आणि जावई सगळ्यांच्या शेवटी. मग काका त्याला झापायचे. ड्युटीवर 'अरे', घरी 'अहो', असा सासऱ्याचा शिरस्ता होता, त्यामुळे झापताना अडचण येत नसे.

त्या दुपारी गाद्यांच्या दुकानाला आग लागली. दुकानाच्या वर राहती घरं. काकांनी धूर अंगावर येणार नाही अशा बाजूला बंब लावला, चाकांना ठोकळे दिले, पंप सुरू केला. जावई आणि आणखी एक जवान पाण्याची नळी ओढत जिन्याने वर गेले. रस्त्यावरच्या नळाला पाणी नव्हतं, दुसरा बंब अजून वाटेत होता. जे काही होतं ते टाकीत.

एका बाईने काकांची बाही धरली. "माझी आई वर आहे हो! तिला चालता येत नाही."

"आमची माणसं गेलीत, बाई. तुम्ही मागे व्हा."

पाणी पांढऱ्या रेघेला टेकलं. काकांचा हात भोंग्याकडे गेला, तेवढ्यात वायरलेसवर जावयाचा आवाज आला. "आजी सापडल्या. उचलतोय."

काकांनी हात मागे घेतला. राखलेलं मिनिट अशाच दिवसासाठी तर होतं! आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ते खर्च केलं. पाणी लाल खुणेवर आलं, तेव्हा भोंगा दिला.

दुसरा जवान आजींना पाठीवर घेऊन बाहेर आला. बाई रडत आईला बिलगली.

"आणि तो?" काकांनी विचारलं.

"शेजारची खोली बघून येतो म्हणाला. वेळ आहे म्हणाला."

"कसला वेळ? अरे, बाहेर ये!" काका वायरलेसमध्ये ओरडले. पंप सोडून ड्रायव्हरने हलायचं नसतं. काका हलले नाहीत. काटा थरथरला आणि शून्यावर पडला. रस्त्यावरची नळी चपटी झाली. जिन्यातून ज्वाळा आली, आणि तिच्यामागून रांगत जावई.

इस्पितळात त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले होते. लेक त्याला चमच्याने पाणी पाजत होती. काका पलंगाशी उभे राहिले. आज 'अरे' म्हणावं की 'अहो', त्यांना कळेना.

"भोंगा ऐकला नाहीस?"

"ऐकला की. पण तुमच्या भोंग्यानंतर अडीच मिनिटं पाणी असतं, बाबा. मी घड्याळ लावून मोजलंय. सगळ्या ठाण्याला माहीत आहे."

काका पलंगाची कड धरून खाली बसले.

"आज नव्हतं. आज लाल खुणेवर दिला. म्हटलं, तुला मिनिटभर जास्त मिळावं."

लेकीचा हात थांबला. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग बापाकडे.

"रोज एका गाडीवर जाता," ती म्हणाली, "आणि दोघांपैकी एकालाही हे दुसऱ्याला सांगावंसं वाटलं नाही?"

काकांनी तिच्या हातातला चमचा घेतला आणि जावयाला पाणी पाजू लागले.