पाठीवरच्या पट्ट्या

शिंपीणबाईंच्या बोटांना खाज सुटली आणि घरात जो तो वैद्य झाला. नवरा म्हणाला, साबण बदल. शेजारीण म्हणाली, वांगं सोड. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हती बाई ही अ‍ॅलर्जीबिलर्जी. खाजवायला वेळ होता कुणाला?"

बाईंनी साबण बदलला, वांगं सोडलं, जाता जाता अंडंही सोडलं. खाज मात्र यांना सोडेना. पेरांना भेगा पडल्या. रेशमी कापड हातात घेतलं की त्याचे धागे भेगांत अडकायचे.

शेवटी त्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्यांनी पाठीवर तीन पट्ट्या चिकटवल्या. एकीत धातू, दुसरीत साबणं-अत्तरं, तिसरीत कापडाचे रंग आणि खळ.

"दोन दिवस अंघोळ नाही, घाम नाही, खाजवणं नाही. जिथे लाल होईल, तो चोर."

"आणि कापडच चोर निघालं तर?"

"तर ताई, दुसरं काम बघावं लागेल."

झालं! बाईंचा स्वयंपाक बेताचा, बोलणं त्याहून बेताचं. पण फाटकी बाही अशी सांधायच्या की फाडणाऱ्यालाही जागा सापडू नये. एवढी एकच विद्या पदरी, तीही जाणार की काय, या धास्तीनं त्या दोन दिवस सोफ्यावर पालथ्या पडून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सासूबाई कठडा न धरता जिना उतरल्या. नवरा बघतच राहिला. "काय आई, गुडघ्याचं दुखणं पळून गेलं का?"

"गुण आला म्हणायचा," एवढंच म्हणून त्या तरातरा पुढे गेल्या.

पट्ट्या काढायला जाताना त्याही सोबत आल्या. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पाठ उघडली आणि त्या थबकल्या.

"दोनच? कापडाची कुठंय?"

नेमकी तीच! सोफा, उशी, अंथरूण, सगळं बाईंच्या डोळ्यांपुढून गेलं. एवढ्यात डॉक्टरीणबाईंची नजर कोपऱ्यातल्या स्टुलाकडे गेली. सासूबाई लुगड्यावरून गुडघा कराकरा खाजवत होत्या.

"आजी, तिथे काय झालंय?"

"काही नाही गं. माझी दुखण्याची पट्टी. सोफ्यावर पडलेली दिसली, म्हटलं आपलीच असणार. गुण लगेच आला, पण मेली खाजते फार."

पट्टी निघाली. तिच्याखाली एक लालभडक टिकला.

"आजी, ही काळ्या रंगाची जागा. तसलाच रंग कलपात असतो. केसांना कलप लावता का?"

"कलप? मी?" सासूबाईंनी काळेभोर केस सावरले. "आमच्या माहेरी कुणाचे केस पिकतच नाहीत."

"गुडघा वेगळंच सांगतोय. महिन्या-दीड महिन्यानं मान, कपाळ खाजतं?"

"ते घामोळं."

"थंडीतसुद्धा?"

सासूबाई छताचा पंखा बघू लागल्या. काही जणांची अक्कल गुडघ्यात असते म्हणतात. यांचं तर गुपितच तिथे निघालं.

"नीट तपासूच, पण तोवर कलप बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एखादे दिवशी तोंड सुजून डोळे उघडायचे नाहीत."

एरवी बाईंना हसू आवरलं नसतं. पण त्यांचा जीव अजून टांगलेलाच होता. धातूच्या पट्टीखाली निकेलच्या जागी पुरळ उठलं होतं; पण चोर एकटाच असतो असं थोडंच आहे? कापडाची पट्टी थोड्या दिवसांनी पुन्हा लावायची ठरली.

या खेपेला सासूबाई पहाऱ्याला बसल्या. त्यांच्या भांगात पांढरी रेघ उगवली होती. शेजारीण डोकावली तर म्हणाल्या, "हिची पाठ आणि माझं डोकं, दोन्हीकडे बघायचं नाही कुणी."

"आई," बाई उशीत तोंड खुपसून म्हणाल्या, "कापड निघालं तर काय करू मी?"

"तू सांग, मी कापते."

"तुम्ही? परवा पडदा सरळ कापता आला नाही तुम्हाला!"

"मग तिरपे कपडे शिवू," सासूबाई म्हणाल्या आणि पंखा वाढवला.

पट्टी काढली, दोन दिवसांनी पुन्हा पाहिली. पाठ कोरी! बाईंचे डोळे भरून आले.

"कापड निर्दोष," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता निकेल टाळायचं. हातात काय काय असतं?"

"कात्री. बोटात धातूची टोपी. टाचण्या."

"टाचण्याही हातात?"

"छे, तोंडात."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

मग कात्रीच्या मुठीला जाड कापड गुंडाळलं गेलं, बोटाला चामड्याची टोपी आली, आणि प्लॅस्टिकच्या डोक्यांच्या टाचण्या मनगटावरच्या गादीत जाऊन बसल्या. भेगा हळूहळू भरत आल्या. एक दिवस नेहमीचं गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं.

"कंबरेत घट्टच करा हं. महिन्याभरात मी बारीक होणारय."

इतकी वर्षं बाई यावर टाचण्यांआडून नुसतं "हं" करायच्या. आज तोंड मोकळं होतं.

"हे तुम्ही मागच्या वर्षीही म्हणाला होतात. मी आपली शिवणीत दोन बोटं जास्तच सोडते."

गिऱ्हाईकानं भुवया चढवल्या. कोपऱ्यात अर्ध्या पांढऱ्या डोक्यानं काजं करत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली.

"रागावू नका हो. डॉक्टरांनीच सांगितलंय तिला, तोंडात काही धरून ठेवायचं नाही."