थोरल्याच्या हातचं इंजिन

नदीपलीकडे उतारू पोचवणाऱ्या त्या होडीचे मालक दोन, सख्खे भाऊ. थोरला सकाळी चालवायचा, धाकटा दुपारनंतर. होडीच्या मागच्या फळीला लटकवलेलं इंजिन मात्र एकच, आणि तेही दोघांच्या लग्नांआधीचं. अलीकडे ते भर नदीत बंद पडू लागलं होतं. आधी खोकणं नाही, अडखळणं नाही. बोलता बोलता माणसानं तोंड मिटावं, तसं. दोरी ओढली की पहिल्याच हिसक्याला पुन्हा सुरू. आणि हे सगळं फक्त थोरल्याच्या पाळीला. धाकट्यावर ते एकदाही रुसलं नव्हतं.

"नाचता येईना, अंगण वाकडं," धाकटा धक्क्यावर, उतारूंच्या देखत म्हणाला. "दादा, इंजिनाला काही झालेलं नाही. तुझा हात गेलाय."

"हा हात? वल्हं कुठून धरायचं ते तुला याच हातानं शिकवलं."

"शिकवलंस, उपकार झाले. आता धक्क्यावर बस आणि तिकिटं फाड."

हा थट्टेचा विषय राहिला नव्हता. आदल्या आठवड्यात इंजिन बंद पडलं ते वाळू वाहून नेणाऱ्या मोठ्या पडावासमोर. पडाव हातभर अंतरावरून गेला. देवानं राखलं, असं उतारू म्हणाले. धाकटा म्हणाला, देवाला रोज कामाला लावायचं नसतं. रविवारपर्यंत बिघाड सापडला तर ठीक, नाहीतर दोन्ही पाळ्या धाकट्याच्या. थोरल्यानं मान डोलावली.

इंजिनं दुरुस्त करायची ती त्यांची भाची, बहिणीची मुलगी. तिच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाण्यानं भरलेलं एक पिंप होतं. त्यात इंजिन उभं करून तिनं दोनदा तपासलं होतं. प्लग बदलला, कॉइल बदलली, टाकीची नळी फुंकून काढली. दोन्ही वेळा तिचं जेवण होईपर्यंत ते पिंपात सुरळीत गुरगुरत राहिलं.

"मामा, माझ्याकडे आलं की हे नव्या सुनेसारखं वागतं," ती म्हणाली. "आता इंजिन आणू नका. मीच येते होडीत."

शनिवारी सकाळी ती आली आणि इंजिनाशेजारी पाय दुमडून बसली. थोरला मागच्या बुटक्या बाकावर बसला. बसताना त्यानं दात आवळले, पण भाचीचा कान इंजिनाकडे होता. जाऊन येऊन तीन खेपा झाल्या. इंजिन हूं की चूं न करता चाललं.

चौथ्या खेपेला अंडीवाली बाई टोपली घेऊन चढली. ती रोजची. वळण मागे पडून धक्का दिसेनासा झाला, तशी ती म्हणाली, "आज सिंहासन काढलं नाही वाटतं?"

थोरल्यानं इंजिनाचा वेग वाढवला.

"कसलं सिंहासन?" भाचीनं विचारलं.

"अगं, ती पेटी. पुढच्या ताडपत्रीखाली असते. रोज या वळणाला निघते, परतताना या वळणाला आत जाते. मी म्हणते, राजांना प्रजेसमोर बसायला लाज वाटत असेल."

भाची वाकत वाकत पुढे गेली आणि ताडपत्री उचलली. खाली फळांची एक रिकामी पेटी होती, वर पोत्याची घडी शिवलेली.

"मामा, उंच बसायला ही? गुडघा का?"

"तसं काही नाही. जरा उंचावरून नदी बरी दिसते."

"मामा."

"उजवा," थोरला म्हणाला. "खाली बसलं की दुमडतो, मग सुटत नाही. धाकट्याला बोलू नकोस. हात गेला म्हणतोच आहे, पाय पण गेला म्हणेल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

जे गुडघे देवापुढे टेकताना त्यानं कधी कुरकुर केली नव्हती, तेच भावापासून लपवायला त्यानं ताडपत्री वापरली होती.

"बसा पेटीवर. रोज बसता तसं." भाचीनं पेटी मागच्या बाकावर आणून ठेवली.

तो बसला. बैठक उंच झाली, म्हणून त्यानं सुकाणूचा दांडाही सवयीनं चार बोटं वर घेतला. होडी मध्यावर पोचली आणि इंजिन गप्प झालं. फक्त पाण्याचा आवाज राहिला. थोरल्यानं दांडा खाली सोडला आणि दोरीला हात घातला.

"थांबा! दांडा होता तसा धरा."

त्यानं दांडा वर धरला. तिनं दोरी ओढली, काही नाही. पुन्हा ओढली, काही नाही.

"माझी अंडी पलीकडे पोचणार की इथेच पिल्लं निघणार?" बाईनं विचारलं.

"आता खाली करा," भाची म्हणाली. पहिल्याच हिसक्याला इंजिन सुरू झालं.

पलीकडच्या काठाला तिनं दांड्याच्या सांध्याचे स्क्रू काढले. इंजिन बंद करायचं बटण दांड्याच्या टोकाला होतं, आणि त्याची वायर या सांध्यातून आत जात होती. वरचं रबर घासून तांबं उघडं पडलं होतं. दांडा वर केला की तांबं धातूला टेकायचं. इंजिनाला वाटायचं, मालकानं बटण दाबलं. पिंपात दांडा कायम आडवा असायचा.

तिनं तेवढा तुकडा कापून नवीन वायर जोडली, वर रबराची नळी चढवली, वळायला थोडी ढील ठेवली.

परत आले तेव्हा धाकटा धक्क्यावर उभा होता.

"सापडलं," भाची म्हणाली. "बटणाची वायर घासली होती."

"वायरीला काय माहीत कोणाची पाळी? माझ्या हातात इंजिन बरं बंद पडत नाही."

भाचीनं थोरल्याकडे पाहिलं आणि हत्यारं आवरायला घेतली. थोरला पुढे गेला, ताडपत्रीखालून पेटी ओढली, सगळ्यांसमोर मागच्या बाकावर ठेवली आणि वर बसला. उजवा पाय सरळ लांब केला. दांडा चार बोटं वर घेतला.

"असा बसतो म्हणून," तो म्हणाला.

धाकट्यानं पायाकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. होडीत उतरून त्यानं पेटी दोन्ही हातांनी हलवली.

"डुगडुगते ही. लाटेला घसरली तर गुडघा राहील बाजूला, तूच पाण्यात. ऊठ."

थोरला उठला. त्याला वाटलं, पेटी आता नदीत जाणार. धाकट्यानं भाचीच्या पिशवीतून हातोडी घेतली आणि पेटी बाकाला चार खिळ्यांनी ठोकून टाकली. "सकाळची पाळी तुझी," एवढंच बोलला.

दुपारी तो स्वतः पाळीला बसला, तेव्हा मोजमापातली चूक उघड झाली. तो थोरल्यापेक्षा वीतभर बुटका. पाय अधांतरी लोंबायला लागले. परतीच्या खेपेला अंडीवाली बाई रिकामी टोपली घेऊन चढली.

"काय रे, वर्गात मास्तर आले नाहीत का अजून?"

"गप बस, मावशी," धाकटा म्हणाला. दांडा पार वर होता. इंजिन धक्क्याला पोचेपर्यंत बंद पडलं नाही.