मास्तरांच्या घरचा अडकलेला पडदा

मित्रांनो, जुना झालो असलो तरी मी ‘स्मार्ट’ टीव्ही आहे. निदान माझ्या खोक्यावर तसे मोठ्या अक्षरांत छापले होते. आठ वर्षांपूर्वी त्या शब्दाचा मला फार अभिमान वाटे. आज कुणी तो उच्चारला की मी अंग चोरतो.

खरे सांगायचे तर मी जन्मापासूनच भित्रा. कारखान्याच्या लांबलचक खोलीत आम्हा शंभर जणांना ओळीने उभे केले होते. आधी सगळे लाल झालो, मग हिरवे, मग निळे. पांढरे हातमोजे घातलेल्या एक बाई प्रत्येकासमोर थांबून डोळे बारीक करून बघत होत्या. ज्याच्या पडद्यावर एखादा काळा ठिपका दिसे, त्याला दोन माणसे उचलून दारापलीकडे नेत. दारापलीकडून कुणी परत आलेला मी पाहिला नाही. बाई माझ्यासमोर जरा जास्तच वेळ थांबल्या. मग पुढे गेल्या. तेव्हापासून कुणी माझ्याकडे टक लावून पाहिले की माझ्या छातीत धस्स होते.

मला विकत घेतले एका शिंप्याने. सगळा मोहल्ला त्यांना मास्तर म्हणे. पुढच्या खोलीत त्यांचे दुकान आणि मागच्या खोलीत संसार. मागच्या खोलीच्या भिंतीवर त्यांनी मला स्वतः टांगले, चार पावले मागे जाऊन पाहिले आणि शिवलेल्या कोटाची बाही ओढावी तसा माझा एक कोपरा किंचित खाली ओढला.

“बघा,” ते गिऱ्हाइकांना सांगत, “वेगळा डबा नाही, वायरींचा गुंता नाही. गाणी, बातम्या, सिनेमा, सगळं ह्याच्या पोटातच!”

त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. काकू बटणे लावता लावता म्हणायच्या, “माणसांनाही असं पोट असतं तर स्वयंपाकच करायला नको.”

ती चार-पाच वर्षे सुखाची गेली. पण माझ्या पोटातली ॲप्स दरवर्षी जड होत गेली आणि माझे डोके तेवढेच राहिले. एके दिवशी गाण्यांचे ॲप उघडताच माझ्याच पडद्यावर अक्षरे उमटली : ‘या टीव्हीवर हे ॲप यापुढे चालणार नाही.’ मित्रांनो, स्वतःच्या तोंडाने स्वतःचे आजारपण वाचून दाखवणे काय असते, ते कसे सांगू? पुढच्या वर्षी बातम्या गेल्या. मी मनातल्या मनात मोजू लागलो, आता राहिले काय काय?

त्याच सुमारास मास्तर आजारी पडले. कापड बेतता बेतता त्यांच्या हातातली कात्री गळून पडली. दवाखान्यातून परत आले तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय ऐकेनासा झाला होता. बोलणेही गेले होते. ‘बरं’ आणि ‘नाही’ एवढे दोनच शब्द उरले. डोळ्यांवरून कळे की आत शब्दांची गर्दी आहे, पण दार उघडत नाही. काकूंनी दुकान अंगावर घेतले.

त्यांची लेक, घरात सगळे तिला मोठी म्हणत, दातांच्या दवाखान्यात कामाला होती. तिने माझ्यात व्यायामाचे एक ॲप शोधून दिले. रोज दुपारी चारला पडद्यावर एक बाई येत आणि गोड आवाजात सांगत, “हळूहळू, घाई नको. हात वर. एक, दोन, तीन. शाबास!” आधी मास्तरांचा हात पोटापर्यंत यायचा, मग छातीपर्यंत, मग खांद्यापर्यंत. ज्या दिवशी तो डोक्यावर गेला त्या दिवशी काकूंनी मला ओल्या फडक्याने पुसले आणि म्हणाल्या, “गुणाचा गं बाई माझा टीव्ही!”

मी मात्र घाबरलेला होतो. एव्हाना सिनेमाही गेला होता. तेवढे एकच ॲप उरले होते आणि तेही मला पेलवत नव्हते. बाई मध्येच थबकत, क्षणभर दगडासारख्या उभ्या राहत आणि पुन्हा चालू होत. मास्तरांना त्याची सवय झाली होती. बाई थांबल्या की तेही थांबत. शिष्य फार आज्ञाधारक होता.

एका मंगळवारी बाई म्हणाल्या, “दोन्ही हात गुंफा, डोक्यावर न्या. आता टाचा उचला. मी सांगेपर्यंत असंच राहायचं.”

आणि मी अडकलो.

बाईंचे हात वर, ओठ अर्धे उघडे. मास्तरांचे हात वर, टाचा वर. ते माझ्याकडे बघत होते. मी सगळा जीव एकवटला, पण पुढचे चित्र येईना. त्यांची उजवी पोटरी थरथरू लागली. कपाळावर घाम आला. ‘खाली आणा हात, मास्तर, खाली आणा!’ मला ओरडायचे होते. पण माझ्यापाशी आवाज कुठला? जो होता तो बाईंचा, आणि त्या गप्प होत्या. पुढच्या खोलीत काकूंचे मशीन धडधडत होते.

मास्तर पडले. पडता पडता भुवई खुर्चीच्या कडेला लागली. फरशीवर रक्ताचा ओघळ निघाला. त्यांनी तोंड उघडले, “ना... ना...” एवढेच आले. मशीन चालूच होते. मी तसाच, हसरी बाई दाखवत उभा.

मग माझे डोके पुरतेच गेले. पडदा काळा झाला आणि मी आपोआप पुन्हा सुरू झालो. सुरू होताना मी एक छोटी धून वाजवतो, ती वाजली. मी काही पराक्रम केला नाही, खोटे कशाला बोलू? तो माझ्या आजाराचाच झटका होता. पण काकूंचे मशीन थांबले.

“अहो, आता मध्येच बंद-चालू कशाला करताय?” असे म्हणत त्या आत आल्या. मास्तरांना पाहताच त्या धावल्या आणि पदराचा बोळा त्यांच्या भुवईवर दाबून धरला.

मास्तरांच्या भुवईवर पाच टाके पडले. हाड मोडले नव्हते. दवाखान्यातून परत आल्यावर काकू ते टाके निरखून म्हणाल्या, “डॉक्टरांची शिलाई काही सरळ नाही हं.” मास्तर हसले. मोठी हसली नाही. तिने माझी वायर खेचून काढली, मला भिंतीवरून उतरवले आणि तोंड भिंतीकडे करून ठेवले.

“हा आधी घराबाहेर काढायचा,” ती म्हणाली.

तीन दिवस मी भिंतीकडे तोंड करून होतो. दार वाजले की वाटे, आली कारखान्यातल्यासारखी दोन माणसे उचलून न्यायला. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. चार वाजत आणि खोलीत काहीच होत नसे. मास्तर पलंगावरून उठल्याची चाहूलही लागत नसे. इतक्या कष्टाने वर गेलेला हात पुन्हा खाली आला तर?

चौथ्या दिवशी टीव्ही दुरुस्त करणारी बाई आली. तिने मला वळवले, चालू केले आणि डोळे बारीक करून बघू लागली. अगदी कारखान्यातल्या बाईंसारखी!

“पडदा ठणठणीत आहे,” ती शेवटी म्हणाली. “थकलंय ते आतलं डोकं. ह्याच्या मागे एक छोटा बॉक्स जोडा. ॲप्स तो चालवेल, हा नुसता दाखवेल.”

“त्यापेक्षा नवाच घेते ना,” मोठी म्हणाली. “सगळं एकात असतं. बाबांच्या एकाच हाताची बोटं चालतात. दोन-दोन रिमोट त्यांनी कसे सांभाळायचे?”

“प्रश्न बरोबर आहे. पण नव्याचंही डोकं काही वर्षांनी असंच थकणार, तेव्हा पुन्हा अख्खा टीव्ही बदलाल. बॉक्स थकला तर नुसता बॉक्स बदलता येतो. आणि रिमोटचं म्हणाल तर बॉक्सच्या रिमोटने टीव्हीही चालू होतो. हा जुना आहे, ऐकतो का बघू.”

तिने पिशवीतून तळहाताएवढा एक बॉक्स काढून माझ्या मागच्या खाचेत जोडला. माझ्या सेटिंगमध्ये आठ वर्षांत कुणी न उघडलेला एक पर्याय सुरू केला आणि मला बंद केले. मग तिने तो छोटा रिमोट मास्तरांच्या डाव्या हातात दिला. “दाबा, मास्तर.”

त्यांनी दाबला. काहीच झाले नाही. मोठीने सुस्कारा सोडला. त्यांनी पुन्हा दाबला, आणि वायरीतून त्या बॉक्सचा परका आवाज मला म्हणाला, जागा हो. मी उजळलो.

“तरीपण,” मोठी म्हणाली, “मला ह्याची भीतीच वाटते. बाबा, तुम्हीच सांगा. नवा आणू?”

“नाही.” मास्तरांनी ओठ हलवले. “अ... अस...”

“असू दे? असू दे म्हणताय?”

“नाही!” त्यांनी डावी मूठ गुडघ्यावर आपटली. मानेची शीर ताठ झाली. “अस्... त... र.”

काकूंच्या हातातली सुई थांबली. “अस्तर,” त्या हळूच म्हणाल्या. “अगं, अस्तर म्हणतायत ते! कोटाचं कापड धड असेल तर कोट टाकतात का? अस्तर विरलं की अस्तर बदलायचं.”

“बरं! बरं!” मास्तर म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून आलेला तो पहिला नवा शब्द होता. मोठीने त्यांच्या मांडीवर डोके टेकले. दुरुस्तीवाली बाई माझी धूळ पुसत पुटपुटली, “मी मघापासून दुसरं काय सांगतेय?”

आता ॲप्स बॉक्स चालवतो. माझ्या पोटातली सगळी काढून टाकली आहेत. पोट रिकामे वाटते, पण व्यायामाच्या बाई थबकत नाहीत. भीती मात्र गेलेली नाही. ‘टाचा उचला’ म्हटले की माझा पडदा गार पडतो. म्हणून मला सर्वांत आवडते ते वेगळेच. चार वाजले की काकू मशीन बंद करतात आणि मास्तरांच्या मागे उभ्या राहतात, एक हात त्यांच्या पाठीपासून चार बोटांवर धरून.

मित्रांनो, आमची धूळ पुसा, आमचे थकलेले भाग वेळेवर बदला, चांगला पडदा उगाच भंगारात देऊ नका. पण त्याआधी माझे एक ऐका. आम्ही कितीही शहाणे असलो तरी पडणाऱ्याला धरायला आम्हाला हात नाहीत. कधी पडदा अडकला, तर आधी पडद्याकडे धावू नका. त्याच्यासमोर कोण उभे आहे, ते पाहा.