आखूड आट्यांचे प्लग

“अंकल जी, लगा के तो देखो. चल जाएगा.”

हे ‘चल जाएगा’ ऐकलं की राजाभाऊंचं टाळकंच फिरायचं. मानिक चौकातल्या दुकानांतून सकाळपासून ते हेच ऐकत होते. त्यांनी तो नवाकोरा, लांब आट्यांचा प्लग दुकानदाराच्या नाकासमोर धरला.

“क्या चल जाएगा? इसकी चूड़ी देखो कितनी लंबी है! अंदर जाके पिस्टन से टकराएगी. इंजन फोड़ना है क्या मुझे?”

“तो नई मोटर ले लो. ये तो म्यूजियम की चीज है, अंकल.”

राजाभाऊंनी प्लग काउंटरवर आपटला आणि रस्त्यावर आले. एका रिक्षावाल्याचा धक्का लागला, तर त्यालाही झापलं. सगळ्या गावाला आग लागो, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

पाटबंधारे खात्यात त्यांनी जन्मभर मोटरबोट चालवली होती. धरणातला गाळ मोजणाऱ्या साहेबांना पाण्यावरून फिरवून आणायचं, एवढंच काम. पुढे खात्यानं ती जुनी इंग्लिश मोटर भंगारात काढली, तेव्हा यांनी ती घरी आणली. होडीच्या मागे अडकवायची, दोरी ओढून सुरू करायची. प्लग दोन, तेही आखूड आट्यांचे. तेव्हापासून मराठी मंडळाचा गणपती चिरगावच्या वाटेवर, बेतवा नदीच्या बांधाजवळ, खोल पाण्यात जायचा तो राजाभाऊंच्या होडीतून. साऱ्या आयुष्यात लोकांनी त्यांच्याकडे मान वर करून पाहावं असा तेवढाच एक दिवस होता.

आणि तो दिवस उद्यावर आला होता. माघात त्यांची बायको इंदू गेली, त्यानंतर मोटर एकदाच चालली. मग एका प्लगच्या चिनी मातीला चीर गेली, दुसराही ठिणगी देईना. मंडळाच्या सलीलनं काल शांतपणे सांगितलं होतं, “काका, परवा दुपारपर्यंत मोटर चालू झाली तर ठीक. नाही तर विसर्जनाला मंडळाच्या अंगणात टाकी भरून ठेवलीये. नुसत्या वल्ह्यांवर मी मुलांना पाण्यात नाही नेणार.”

टाकी! ज्या टाकीत मांडववाल्याची पोरं पाय धुतात, त्या टाकीत गणपती!

घरी येताच त्यांनी अवजारांची पेटी अंगणात उपडी केली. पाने, वॉशर, तारा चहूकडे उडाल्या. बँकेतून आलेली त्यांची लेक देविका दारातच थबकली.

“प्लगांची नवी जोडी होती घरात! बबीन्याच्या छावणीतल्या एका सुभेदाराकडनं आणली होती मी. कुठं फेकलीस?” राजाभाऊ ओरडले.

“मी नाही फेकली, बाबा.”

“मग कुणी? दिवाळीच्या सफाईत हात तुझेच चालतात!”

“बाबा, चिल्लावू नका. तुम्हीच बताओ, कुठे ठेवली होती तुम्ही?”

राजाभाऊ रिकामी पेटी पुन्हा उलटून बघू लागले. त्यांनी ती कुठेच ठेवली नव्हती. मोटरवर वाकलेलं असताना मागे न बघता हात पसरायचा आणि “इंदू, प्लग” म्हणायचं. प्लग हातात यायचा. तो कुठून येतो हे विचारायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

“आईनं ती कुंकवाच्या करंड्यात ठेवली होती,” देविका हळूच म्हणाली. “खंडेनवमीला पूजा झाल्यावर ती परत ग्रीसच्या पेटीत नको म्हणाली. करंड्यात ओलपण लागत नाही म्हणाली.”

“मग आण ना तो! बघतेस काय?”

देविका हलली नाही. “तेराव्यानंतर वसुंधराआत्यानं आईचं पूजेचं सगळं गाठोड्यात बांधलं. नदीत सोडायला.”

“या वसुंधरेला मेली अक्कल म्हणून नाही! करंडा उघडून बघायचा नाही? आणि सोडलं कुणी ते?”

“तुम्ही, बाबा. काठाला नको म्हणालात. मोटर लावून मधोमध गेलात.”

राजाभाऊंनी हातातला पाना भिंतीवर फेकला. राग तसाच धगधगत होता, पण आता शिव्या द्यायला समोर कोणी नव्हतं. ते विखुरलेल्या अवजारांत बसले आणि मोठ्यानं रडले. मग नाक पुसून एकेक वॉशर पेटीत भरायला लागले.

दुसऱ्या दिवशी मंडळाचा गणपती टाकीतच गेला. राजाभाऊ तिकडे फिरकले नाहीत. घरचा गणपती घेऊन ते बेतवेवर गेले. मोटर होडीला लावलेलीच होती, पंखा पाण्याबाहेर वर केलेला. देविका मूर्ती मांडीवर घेऊन इंदूच्या जागी बसली.

“बाबा, दम लागेल. इथंच सोडू या का?”

“गप्प बस.”

हाताला फोड येईपर्यंत ते वल्हवत राहिले. मधोमध होडी थांबली. गाठोडं सोडलेली जागा हीच असावी. त्यांनी मूर्ती पाण्यात धरली, सोडली, आणि वरचं पाणी स्थिर होईतो तिथेच वाकून राहिले. मग मागे न बघता त्यांनी हात पसरला.

देविका क्षणभर गोंधळली. तिनं प्रसादाचा डबा उघडला आणि त्या हातावर वाटली डाळ ठेवली.

“मीठ कमी आहे,” राजाभाऊ खेकसले. पाठ तशीच ठेवून त्यांनी सगळी डाळ खाल्ली, हात बेतवेत धुतला आणि वल्हं उचललं.