नरसिंगराव मास्तरांची ग्रीक वही

मित्रांनो, मी दोनशे पानांची एक जुनी वही आहे. माझी पाठ उसवली आहे, कडा पिवळ्या पडल्या आहेत. म्हैसूरच्या नजरबादमध्ये एका घराच्या कपाटात मी पडून असते.

मला नरसिंगराव मास्तरांनी बांधून घेतले. मास्तर शाळेत गणित शिकवायचे. त्यांचे वाडवडील कापड रंगवणारे. लहानपणी त्यांनी आजोबांना विचारले होते, "रंग गेला, कापड विरलं, सूतही गेलं, तर शेवटी उरतं काय?" आजोबा नुसते हसले. मोठेपणी तेच कोडे मास्तरांना प्राचीन ग्रीकांच्या ग्रंथांत भेटले. मग चाळिसाव्या वर्षी ते एका वृद्ध पाद्रींकडे जाऊन ग्रीक शिकले.

पुढची बावीस वर्षे ते माझ्यात लिहीत राहिले. वस्तूचे सगळे गुण काढून घेतले तर तळाशी जे उरते, ते द्रव्य. पण ते असते कसे, हे या विचाराच्या मूळ ग्रीक गुरूने धूसरच ठेवले होते. शेकडो वर्षांनी त्याच्या ग्रंथांवर भाष्ये लिहिणारे पंडित आले. त्यांतला अलेक्झांड्रियाचा एक जण म्हणाला, उरतो तो नुसता विस्तार: लांबी, रुंदी, उंची. आणखी हजार वर्षांनी युरोपातले नवे तत्त्वज्ञ द्रव्य म्हणजे विस्तारच असे सांगू लागले, तेव्हा त्या भाष्यकाराची आठवण फारशी कुणी काढली नाही. मास्तरांना याचे फार वाईट वाटे. तो विचार कुठून कुठे गेला, हे त्यांनी ओळीओळीने शोधून माझ्यात उतरवले.

एके दिवशी कॉलेजातले प्राध्यापक वेंकोजीराव घरी आले. माझी पाने चाळता चाळता त्यांचा चेहरा बदलला.

"आठ दिवसांत परत देतो, मास्तर."

"सावकाश द्या की. कुणीतरी वाचतंय, हेच खूप."

त्यांनी मला चौदा महिने ठेवले. पानापानाचे फोटो काढले. माझ्यावर कॉफीचा पेला ठेवला, त्याचा डाग अजून आहे. शेवटी शिपायाच्या हातून परत पाठवले.

वर्षभराने वेंकोजीरावांच्या इंग्रजी पुस्तकाचा प्रकाशन समारंभ झाला. मास्तर इस्त्रीचा कोट घालून गेले. व्यासपीठावर बोलावतील, या आशेने मला पिशवीत घेतले होते. भाषण सुरू झाले, आणि माझ्यातले विरलेल्या कापडाचे ते उदाहरण वेंकोजीरावांच्या तोंडून आले. सभागृहात टाळ्या पडल्या. मास्तरांनी पुस्तकातले आभाराचे पान उघडले. तिथे प्रकाशकाचे नाव होते, पत्नीचे होते, पाळलेल्या कुत्र्याचेही होते.

मास्तर दाराशी थांबले. वेंकोजीराव हसून म्हणाले, "विचार काय कुणाच्या मालकीचे असतात, मास्तर? तुमच्या भाष्यकारांनी तरी काय केलं? दुसऱ्याचंच घेऊन लिहिलं ना?"

"त्यांनी गुरूचं नाव आधी लिहिलं, वेंकोजीराव. मग स्वतःचं म्हणणं मांडलं."

वेंकोजीराव पुढच्या पाहुण्याकडे वळले.

मास्तरांची मुलगी भाग्या हेब्बाळच्या कंपनीत नोकरीला. ती चिडली. "अप्पा, सुम्ने गप्प बसू नका! कंप्लेंट करा." तिनेच कॉलेजकडे अर्ज केला. उत्तर आले, की वही मराठीत आहे, छापील नाही, पानांवर तारखा नाहीत, म्हणून विचार करता येत नाही.

"तारीख का घातली नाही, अप्पा?"

"कुणापासून जपायचं होतं, मगळे?" मास्तर लेकीला म्हणाले.

त्यानंतर त्यांनी लेखणी उचलली नाही. माझी शेवटची एकतीस पाने कोरीच राहिली. गेल्या पावसाळ्यात मास्तर गेले. शोकसभेला वेंकोजीराव आले आणि म्हणाले, "गणिताचे चांगले शिक्षक होते." भाग्या घरी येऊन मला छातीशी धरून रडली. तिला मराठी बोलता येते, वाचता मात्र येत नाही.

मित्रांनो, जुन्या वह्या जपा, असे मी सांगणार नाही. मला उद्या कसर खाईल, त्याचे दुःख नाही. पण दुसऱ्याच्या वहीतून काही घेतलेत, तर त्याचे नाव लिहा. फार जागा लागत नाही. 'नरसिंगराव मास्तर', एवढे दोनच शब्द होते.