रेणापूरची हिरवी टाकी

मित्रांनो, मी रेणापूरच्या शिवारातली एक जुनी सिमेंटची टाकी आहे. माझ्यातलं पाणी कुणी पीत नाही, जनावरांनाही पाजत नाही. माझ्यात स्पिरुलिना वाढते. स्पिरुलिना म्हणजे एक हिरवं-निळं शेवाळ. तुम्ही नाक मुरडाल, हे मला ठाऊक आहे. नऊ वर्षांपूर्वी अख्ख्या गावानं मुरडलं होतं.

मला बांधलं तय्यब मिस्त्रींनी. माझी मालकीण शिल्पा लातूरला प्रशिक्षण घेऊन आली होती. तिनं गुडघाभर खोलीची लांबलचक टाकी सांगितली, तेव्हा मिस्त्री हसले. "बाई, यात तर म्हैसबी बसायची न्हाई!"

"म्हशीसाठी न्हाईच मिस्त्री. कोपरे तेवढे गोल करा, घाण साचली न्हाई पाहिजे."

मिस्त्रींनी कोपरे असे घोटले की आजही माझ्या अंगावरून हात फिरवलात तर कुठे अडकणार नाही. मग शिल्पानं पाण्यात खाण्याचा सोडा आणि मीठ मोजून घातलं, बियाणं म्हणून थोडं शेवाळ सोडलं आणि वर पारदर्शक प्लास्टिकचं छप्पर टाकलं. पंधरा दिवसांत मी गर्द हिरवी झाले. सकाळी ती मला लाकडी वल्ह्यानं ढवळायची, कापडातून शेवाळ गाळायची, शेवेच्या सोऱ्यातून पाडून वाळवायची आणि दळायची.

पहिली पावडर तिच्या जावेनं, आरतीनं खाल्ली. आरतीच्या अंगात रक्त कमी होतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांना विचारून ती शेंगदाण्याच्या चटणीत चमचाभर पावडर कालवू लागली. तीन महिन्यांनी रक्त वाढलं आणि आरती गावभर सांगत सुटली, "टाकीनं वाचवलं मला!"

"गोळ्यांनीबी वाचवलं, ताई. तेबी सांगत जा," शिल्पा म्हणाली.

माझी मान ताठ झालीच होती. माझ्यात प्रथिनं आहेत, लोह आहे. पण मी औषध नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

मग एकदा गुरुबसप्पा गुरुजी आले. निवृत्त विज्ञान शिक्षक. त्यांना महिन्याची पावडर हवी होती. शिल्पानं विचारलं, "गुरुजी, कोणत्या गोळ्या चालू हायत?" त्यांनी खिशातून पाकीट काढलं. हृदयाची झडप बदलल्यापासून ते रक्त पातळ करायची गोळी घेत होते.

"डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी देणार न्हाई."

"अगं, मी तुझ्या नवऱ्याला शिकवलंय!"

"म्हणूनच न्हाई देत."

गुरुजी फणकाऱ्यानं गेले. आठवड्यानं परतले ते काखेत सूक्ष्मदर्शक घेऊन. "डॉक्टर नकोच म्हणाले. त्या गोळीवर याचा परिणाम होऊ शकतो म्हणे. पोरी, खाता येत न्हाई तर निदान बघू तरी दे." तेव्हापासून रोज सकाळी ते माझा एक थेंब काचेवर घेऊन बघत. स्पिरुलिनाचे स्प्रिंगसारखे वेटोळे दिसले की म्हणत, "ठणठणीत हाय तुझी टाकी."

गेल्या उन्हाळ्यात बोअर आटला. शिल्पानं टँकरनं तलावाचं पाणी आणलं. नांदेडचा व्यापारी व्यंकट मोठी मागणी घेऊन बसला होता, त्यामुळे पाणी तपासायचं राहून गेलं. चूक झाली, आणि ती शिल्पानं कधी लपवली नाही. आठ दिवसांनी गुरुजी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढीनात. वेटोळ्यांमध्ये गोल ठिपक्यांचे घोस दिसत होते.

"हे आपलं न्हाई, शिल्पा. तलावातलं रानटी शेवाळ असंल. यातल्या काही जाती विषारी असतात. लिव्हरला घातक."

शिल्पानं नमुना प्रयोगशाळेत धाडला. निकालाला आठ दिवस लागणार होते आणि दुसऱ्याच दिवशी व्यंकट गाडी घेऊन दारात उभा राहिला. त्यानं माझ्यात वाकून पाहिलं. "रंग तर झकास हाय, वहिनी. गाळा, वाळवा, द्या. खाणाऱ्याला काय कळतंय?"

"खाणाऱ्याला कळत न्हाई, म्हणूनच मला कळाया पाहिजे, भाऊ."

"मग मी दुसरीकडून घेईन. पुन्हा येणार न्हाई."

"बरं. जावा."

गाडी रिकामी गेली. शिल्पा कट्ट्यावर बसून रडली. तरी आठ दिवस तिनं माझ्यातलं चमचाभरही गाळलं नाही. निकाल मोबाईलवर आला. विष होतं. तिनं विहिरीपासून, गोठ्यापासून दूर खड्डा खणवला आणि मला तळापर्यंत उपसलं. व्यंकटसाठी वाळवून ठेवलेल्या शेवाळाच्या शेवयाही त्यातच पुरल्या. मला घासलं, ब्लीचिंग पावडरनं धुतलं, उन्हात उघडं ठेवलं.

दोन महिने मी कोरडी पडले. माझ्यात धूळ साचली, एक कुत्री येऊन विसावू लागली. येणारे-जाणारे म्हणत, "शिल्पाचा धंदा बसला." वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण मान खाली घालावी असं माझ्यात काही उरलं नव्हतं.

बोअरला पुन्हा पाणी लागलं. या वेळी आधी पाण्याची तपासणी झाली. नवं बियाणं आलं, मी हिरवी झाले. आता प्रत्येक खेपेच्या मालाचा नमुना तपासल्याशिवाय पुडी भरली जात नाही. पुडीवर गुरुजींनी मजकूर लिहून दिलाय: हे औषध नाही. बी-बारा जीवनसत्त्वासाठी यावर विसंबू नका. गरोदर बायांनी आणि रोजची औषधं घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

दिवाळीनंतर व्यंकट आला. पुडी हातात फिरवत म्हणाला, "हे वाचून गिऱ्हाईक पळंल, वहिनी."

"काही पळाले. राहिलेले दर महिन्याला यायलेत."

त्यानं पुडीवरचा मजकूर पुन्हा वाचला. मग म्हणाला, "तपासणीचा कागद संगं द्या. आता गिऱ्हाईक मला तोच मागायलंय."

मित्रांनो, तुमच्या घरी अशी हिरवी पावडर आली तर रंगावर भुलू नका. कुठल्या पाण्यात वाढली, कुणी तपासली, हे विचारा आणि आपल्या डॉक्टरांना दाखवा. विचारलं म्हणून चांगल्या टाकीला राग येत नाही. रेणापूरला या, मला खुशाल विचारा. गुरुजी सकाळी सातला इथेच असतात. ते तुम्हाला माझा एक थेंब काचेवर दाखवतील.